खाडीला सुतक नाय

वहिनी, भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी रीत नव्हती. या वेळी मात्र तू तेच केलंस, आणि हे काही बरं केलं नाहीस.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. मी हमरापूरला आमच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायला बसलेली, तू तिकडे बांधावर उभी, आणि तुझे अर्धे शब्द वाऱ्यानेच नेलेले. विषय दिवाळीपासून चाललेला तोच. गावच्या बांधाला मोठी खांड पडली होती, त्या भगदाडातून दर भरतीला खाडीचं पाणी भातशेतात शिरत होतं, आणि पावसाआधी ती बुजवायची कशी यावर आपलं जमत नव्हतं. मी म्हणत होते, पोकलेन आण आणि मोकळी हो, आता माणसं येत नाहीत. तू म्हणालीस, "मानसं येतील गो शोभे. आनि नाय आली, तर बांध भरायचा तरी कोनासाठी?"

यावर माझ्याकडे चांगलं खणखणीत उत्तर होतं. पण तेवढ्यात आतून हाक आली, रंग सुकत होता. म्हटलं, मग करते फोन. त्यानंतर फोन आला तो दादाचा, पहाटे. तू झोपेतच गेली होतीस. ज्येष्ठातली शुद्ध चतुर्थी होती, पाऊस केरळात पोचल्याच्या बातम्या होत्या, आणि खांड तशीच उघडी होती.

उद्या तुझं तेरावं. जमलेली माणसं तुझ्याबद्दल गोडगोड बोलतील, तुला ओळखू यायची नाही इतकी तुला सोज्वळ करून टाकतील. म्हणून मी आजच लिहायला बसले. मला तुझ्याशी नीट भांडायचं आहे, आणि इकडे काय काय झालं तेही सांगायचं आहे.

तू रोह्याकडची. डोंगराच्या कुशीतलं गाव, भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे आणि थंडीत शेंगा खायच्या, असा तुमचा सुखाचा हिशेब. लग्न होऊन पेणच्या खारेपाटात आलीस तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली वालाचं गाठोडं होतं. ते पाहून आईने कपाळाला हात लावला होता, पण तुला अडवलं नाही. नव्या सुनेची हौस. तू भात कापल्यावर मोठ्या थाटात वाल पेरलेस. उगवले, दोन पानं धरली, आणि बघता बघता पिवळे पडून बसले. तू खळ्यावर बसून रडत होतीस आणि मी, तेव्हा कॉलेजातली शहाणी, तुला म्हणाले होते की तुझ्या वालाला सासर मानवलं नाही. तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस.

मग आईने तुला शेतात नेलं. ढेकळाचा तुकडा तुझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "चाटून बघ." तू चाटलास. आमची जमीन मिठाची आहे हे तुला असं जिभेनं कळलं. त्यानंतर तू जी माती चाटत सुटलीस ती शेवटपर्यंत. कुठे पावसाने मीठ धुऊन जातं, कुठे साचून राहतं, हे तुला कळू लागलं. तळ्याचा उंच काठ तू असाच शोधलास. पावसाळ्यामागून पावसाळे जाऊन तो गोडा झाला होता, आणि आमच्यातल्या कुणाच्या ते डोक्यातच आलं नव्हतं, कारण आम्हाला वाल पेरायचेच नव्हते. तिथे तुझे वाल धरले. दर थंडीत त्या काठावर पोपटी लागायची, मडक्यातून वाफाळत्या शेंगा बाहेर यायच्या, आणि तू हटकून मला विचारायचीस, "काय शोभे, मानवलं का सासर?"

बांधाचंही तसंच. तू जन्मजात जाणती वगैरे नव्हतीस, हे उद्या कुणी म्हणालं तर मी उठून उभी राहणार आहे. रविवारची गोष्ट मी विसरलेली नाही.

पूर्वी गावात जोळ होती. घरटी एक माणूस बांधावर यायचा, खाडीतला चिकण चिखल हातोहात पुढे सरकवायचा, थरावर पेंढा, पेंढ्यावर थर, आणि पायांनी तुडवायचं. पुढे बांध सरकारी झाला तशी माणसं म्हणू लागली, सरकारचा बांध सरकार बघेल. पोरं नागोठण्याला कंपनीत लागली, पाळ्या सुरू झाल्या, जोळ विरत गेली. मग एका पावसात खांड पडली आणि शेतं खारी झाली. जमिनी विकत मागायला दलाल वडखळहून गाड्या घेऊन यायला लागले. तेव्हा तू कंबर कसलीस. घरोघरी फिरून माणसं तयार केलीस आणि सगळ्यांच्या सोयीचा म्हणून रविवार धरलास.

आई म्हणाली होती, "वार नको बघू, तिथ बघ." पण सुट्टीला सगळे येतात, या आनंदात तू होतीस. तो रविवार पुनवेला लागून आला होता. सकाळी खाडी रिकामी दिसली, माणसं हसतखेळत उतरली, चहा झाला, निम्मी खांड भरत आली. आणि भर दुपारी उधाणाची भरती आली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो चिखल, तो पेंढा, दोन घमेली आणि कुणाची तरी चप्पल असं सगळं खाडी घेऊन गेली. पुनवेला दुपारी भरती आणि अष्टमीला दुपारी ओहोटी, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कंपनीच्या आणि शाळेच्या कॅलेंडरवर जगता जगता अख्खं गाव ते विसरलं होतं. फक्त आईला आठवत होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लोक तुला काय काय बोलले. रोह्याची ती, तिला काय खाडी कळते. तू चिखलाने माखलेल्या साडीनेच आईसमोर येऊन बसलीस आणि म्हणालीस, "आई, शिकवा मला." मी तेव्हा माहेरी आले होते, दारात उभी होते. तुझा मला राग यायचा, हेवा वाटायचा, पण त्या दिवशी तू मला फार आवडलीस. हे तुला कधी सांगितलं नाही. आपल्या दोघींत असलं काही बोलायची पद्धतच नव्हती.

पुढच्या अष्टमीला, भांगाच्या दिवशी, जेव्हा भरती अंगात जीव नसल्यासारखी येते आणि जाते, तेव्हा खांड भरली. पहिल्या वेळेपेक्षा निम्मी माणसं होती तरी भरली. आईने तुला उघाडीपाशी बसवून दाखवलं की बांधाच्या तोंडाशी असलेली ही लाकडी झडप ओहोटीला आपोआप उघडून शेतातलं पाणी कशी सोडते आणि भरतीला कशी मिटते. उधाणाच्या आधी बांधावरून चालत जायचं, खेकड्यांची बिळं शोधायची आणि तुडवून बंद करायची, कारण मोठी खांड बारीक बिळापासूनच सुरू होते, हेही तिनेच शिकवलं. पण तू ऐकून घेतलंस आणि वर आपलं जोडलंस. बायकांना बांधावर आणलंस ते तूच. आधी बायका फक्त भाकऱ्या घेऊन यायच्या.

आणि तू काही जुन्यालाच कवटाळून बसलेली नव्हतीस. तो तरुण इंजिनिअर आला होता, बांधाच्या खाडीकडच्या अंगाला दगडाचं अस्तर घालू म्हणाला, तेव्हा गावातले म्हातारे हसले. तू त्याला घेऊन बांधभर हिंडलीस. लाट कुठे मारते ते तू दाखवलंस, दगड कसा बसवायचा ते त्याने दाखवलं. ते अस्तर अजून हललेलं नाही. तिवरांवरून मात्र तुमचं वाजलं. समोरच्या चिखलातली तिवरं लाटेचा मार खातात, ती राहू देत, पण बांधाच्या अंगावर उगवलेलं रोपटं मुळं घालून बांध फोडतं, ते कोवळं असतानाच काढा, असं तुझं म्हणणं. तो म्हणाला, नियम आहे, तिवर म्हणजे खारफुटी, तिला हात लावता येत नाही. तू म्हणालीस, "नेम चांगला हाय. पन नेम लिवनाऱ्यानी बांध बगितला नाय." ते भांडणही राहिलंच आहे. कायद्याने तिवरं वाचली म्हणून आज खाडीत मासळी आहे, असं मी तुला म्हटलं होतं. तू म्हणालीस, व्हय, आणि बांध राहिला तर ती खायला माणसं असतील. दोघींनाही आपलं म्हणणं सोडायचं नव्हतं, म्हणून आपण चहा केला.

एकदा कुठल्याशा कार्यक्रमात तुला बोलायला बोलावलं होतं. पाहुण्यांनी दहा वेळा पारंपरिक ज्ञान, पारंपरिक ज्ञान केलं. तू माइकसमोर उभी राहून म्हणालीस, "ज्ञान बिन काय नाय ओ. दरसाल भिजलो की कळतं. एक साल नाय भिजलो की इसरतो." आणि खाली बसलीस. मी मागे बसून लाजले होते, निदान आभार तरी मानायचे होतेस. आता वाटतं, सगळं बोलून झालं होतं.

तर पुन्हा आपल्या भांडणावर येते. गेल्या दिवाळीच्या उधाणात नवी खांड पडली. तू थंडीभर प्रत्येक भांगाला माणसं बोलावलीस. कुणाची पाळी होती, कुणाकडे लग्न होतं. आमचा तर सीझन सुरू झालेला. एका अष्टमीला तुझ्यासोबत चारपाच बायका आणि दादा, एवढेच. दोन थर घातलेत आणि परत आलात. तरी तू पोकलेनला तयार होईनास. "तो माती टाकतो, तुडवत नाय," म्हणालीस. माझं म्हणणं होतं, न तुडवलेली माती तरी असू दे, माणसांची वाट बघत शेत घालवू नकोस. मला अजूनही वाटतं मी चूक नव्हते. माणसांना पोट आहे, पाळ्या आहेत. अष्टमी मंगळवारी येते आणि मंगळवारी कुणाला सुट्टी नसते.

तू गेलीस त्या दिवशी मात्र सगळे आले. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. तुझा भाऊ सुभाष रोह्याहून गाडी भरून माणसं घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर भावकी बसली होती, कुणी तरी हळूच विषय काढला की पावसाआधीचा शेवटचा भांग याच अष्टमीला आहे. पुढचा भांग येईपर्यंत पाऊस लागलेला असेल, आणि चिखल वाहून जाईल. मग लगेच दुसरा म्हणाला, पण सुतक आहे. अर्धं गाव भावकीचं. जोळ सुरू करताना खाडीला नारळ द्यावा लागतो, तो सुतकात कसा द्यायचा? खरं सांगू, मला वाटलं संपलं. काही जणांना तर सुटल्यासारखं वाटलं असावं.

आई आत भिंतीला टेकून बसली होती. तू गेल्यापासून ती बोललीच नव्हती. दादाने भरवलं तर दोन घास खायची, तेवढंच. ती तिथूनच म्हणाली, "खाडीला सुतक नाय."

कुणी तरी म्हणालं, "अगो काकी, पन नारल..."

"मानसाला सुतक हाय. नारल मानसाचा. बांध खाडीचा हाय," आई म्हणाली. आणि मग तिचा आवाज फाटला. "माझी सून बांधावर वाट बगते हाय. जा की."

तेव्हा सुभाष उठला. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक माहेरच्यांना तीनच दिवस. तो म्हणाला, "माझं फिटलं असंल तवा. नारल मी देतो." थोडं थांबून त्याने विचारलं, "पन तो फोडायचा, का तसाच सोडायचा? आमच्याकडं खाडी नाय." आणि वहिनी, तुझ्या दुसऱ्या दिवशी, तुझ्याच ओसरीवर, माणसं हसली. तुला राग आला नसणार, मला खात्री आहे.

अष्टमी बुधवारी आली. मी हमरापूरहून सकाळी निघाले तेव्हाही मनात धाकधूक होती. हसणं वेगळं आणि कामाच्या दिवशी चिखलात उतरणं वेगळं. बांधाच्या वळणावर आले आणि पाहिलं, तर तुझ्या निलेशने वडखळच्या मित्राचा पोकलेन आणून उभा केला होता. हो, पोकलेन! मी मनात म्हटलं, जिंकले. तो लांबून चिखल काढून बांधाच्या टोकापर्यंत आणून टाकत होता. पण त्याच्या पुढे जमीन लिबलिबीत, यंत्र रुतेल अशी, तिथून खांडीपर्यंत माणसांची ओळ लागली होती. सुट्टी टाकलेले होते, पाळ्या बदलून आलेले होते. रात्रपाळी करून आलेली पोरं कंपनीच्या बसमधून उतरून तशीच, गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी होती. बायका तर होत्याच. सुभाषने गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ सोडला, आणि परत येताना चिखलात असा रुतला की त्याला दोघांनी ओढून काढला. त्याचा एक बूट आपल्या खाडीतच राहिला आहे.

चिखल माझ्या हातात आला तेव्हा मला आमची शाडू आठवली. मूर्तीत हवा राहिली तर ती तडकते, म्हणून आम्ही माती दाबून दाबून भरतो. इथेही तेच होतं, फक्त पायांनी. तू म्हणायचीस की यंत्र तुडवत नाही, त्याचा अर्थ माझ्या तळपायांना तेव्हा कळला. आणि यंत्र नसतं तर एवढा चिखल एका ओहोटीत आला नसता, हेही तितकंच खरं. संध्याकाळची भरती यायच्या आत खांड बुजली. भरती आली, बांधाला जेमतेम शिवली, आणि गेली.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. दादाने हात जोडून सांगितलं, खांड भरली, काळजी करू नको. कावळा हलला नाही. निलेश म्हणाला, आजीला नीट सांभाळतो. तरी नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले आणि म्हटलं, "वहिनी, अर्धं तुझं खरं, अर्धं माझं." कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. मला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हटलं, "बरं बाई, सगळं तुझंच खरं. माणसं आली." तेव्हा तो खाली उतरला. आता मी हरले असं समजू नकोस. कावळ्यासमोर दिलेली कबुली धरायची नसते.

आज पौर्णिमा झाली, वटपौर्णिमा. दर वर्षी तू वडाला फेऱ्या मारून, उपाशी, तशीच तडक बांधावर जायचीस, पावसाळ्याच्या तोंडचं पहिलं मोठं उधाण बघायला. भावकीचं दहा दिवसांचं सुतकही फिटलेलं, आज सगळ्या बायका गेल्या. नथी, हिरव्या बांगड्या, हातात पूजेची ताटं, आणि बांधावर ओळीने उभ्या. आईला निलेशने मोटारसायकलवरून आणून उघाडीजवळच्या तुझ्या दगडावर बसवलं. दुपारी पाणी चढायला लागलं. अस्तराचे दगड बुडाले. तुझी ती खुणेची दगडी पायरी बुडाली. नव्या मातीला पाणी लागलं. मी आईचा हात धरला होता, की तिने माझा, कोण जाणे. पाणी तिथेच बराच वेळ राहिलं, आणि मग ओसरायला लागलं. आतलं शेत कोरडं होतं. तळ्याचा काठ कोरडा होता. तिथे थंडीत वाल लावायचे, असं सुभाष मला निघताना सांगून गेला आहे, बी तो पाठवणार आहे.

परत येताना निलेशने विचारलं, "आत्या, पुढच्या वर्षी कोन बोलावनार सगल्यांना?" मी घरी आले, फोनमधलं पंचांग उघडून पुढच्या ज्येष्ठातली अष्टमी शोधली. वार सोयीचा नाही, ते तर होणारच होतं. ऐन सीझनचे दिवस असतील, रंग लावलेल्या मूर्ती ओळीने माझी वाट बघत बसलेल्या असतील. मी कारखान्यात आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी गणपतींना डोळे मिळणार नाहीत. मी बांधावर असेन.